आकृतीसूचीतले चौऱ्याऐंशी तलाव

माझा प्रबंध कुणी मनापासून वाचला असेल असं मला वाटत नाही. परीक्षकांनी चाळला असेल. पण तोंडी परीक्षेत दोघांनीही एका गोष्टीचं तोंडभरून कौतुक केलं, ती म्हणजे सुरुवातीच्या पानांवरची आकृतीसूची. चौऱ्याऐंशी फोटो, प्रत्येकाचा क्रमांक, पुढे तलावाचं नाव, मग ठिपक्यांची ओळ आणि शेवटी पान क्रमांक. सगळं एका रेषेत. एक सर म्हणाले की आजकालची मुलं सूची हाताने टाइप करतात आणि पान क्रमांक चुकवून ठेवतात, हिच्याकडे बघा. मी मान खाली घालून थँक्यू सर म्हणाले. त्या सूचीत कितीतरी तलाव भलत्याच नावाखाली बसलेत, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणजे सांगणाऱ्याने सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

सांगणारे माझे बाबा. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. आम्ही जातीने कोहळी. आमच्या पूर्वजांनी या भागात गावोगावी तलाव बांधले, आणि त्याचा आम्हाला अभिमान इतका की दुसरं काही जमलं नाही तरी चालतं. बाबा तीसेक वर्षं गावचे पाणकर होते. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी आणि किती जाऊ द्यायचं, हे पाणकर ठरवतो. पाणी सोडायला पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आत दगडी तुडूम असतो, पायऱ्यापायऱ्यांचा. पायरीला भोक, भोकाला लाकडी बुच. पाणी उतरत जाईल तसं खालचं खालचं बुच काढायचं. बाबा छातीभर पाण्यात उतरून पायाच्या अंगठ्याने बुच चाचपायचे आणि मग बुडी मारायचे. शाळा चौथीपर्यंत. सही करायचे, मोठी अक्षरं वाचायचे, बारीक अक्षरांच्या भानगडीत पडायचे नाहीत.

मी गोंदियाला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. जितके तास शिकवाल तितकेच तास तुम्ही प्राध्यापक, बाकी वेळ तुम्ही कुणी नाही. शहराला लागून कुडव्याला दोन खोल्या घेऊन राहते. पीएचडी झाली की पक्कं काम लागेल असं सगळे म्हणायचे, म्हणून नाव नोंदवलं आणि विषय तलावांचा घेतला, कारण तो घरातच होता. पण वर्षभरातच बाबा विसरायला लागले. सायकलची किल्ली कणकेच्या डब्यात सापडली. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि एका दुपारी त्यांनी मला विचारलं की तुझी माय वावरातून अजून आली कशी नाही. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे वाढत जाईल, कमी होणार नाही. जुनं आहे ते मात्र बरेच दिवस टिकेल. दवाखान्याच्या बाहेर उभी राहून मी ठरवलं की बाबांच्या डोक्यातले तलाव डोक्यातून जायच्या आत कागदावर उतरवायचे. कुठला कोणता, ते त्यांच्याच तोंडून. नोकरी गेली चुलीत. आयुष्यात हे एक काम तरी धड करायचं.

चार वर्षं आम्ही दोघं फिरलो. शनिवारी तास आटोपले की गाडीने गावी जायचं, रविवारी सकाळी भावाची स्कूटी काढायची, मागे बाबांना बसवायचं आणि निघायचं. ते मागून हातवारे करत रस्ता दाखवायचे, मला आरशात त्यांचा हात दिसला की मी वळायचे. एकदा प्रतापगडाच्या बाजूला त्यांनी हात केला म्हणून मी वळले तर ते डोळ्यातलं चिलट काढत होते. दोन कोस उगाच गेलो. परत फिरल्यावर म्हणतात, तू काऊन वळलीस? यावर काय बोलणार, कप्पाळ.

तलावांची सरकारी नावं बाबांना माहीत नव्हती, आणि असती तरी त्यांनी घेतली नसती. त्यांचे सगळे तलाव नात्यांचे. आमच्यात मुलगी द्यायची तर आधी त्या गावचा तलाव बघायचा, मग मुलगा. बापमाणसं पाळीवरून चालत जायची, पाणी कुठवर पोचतं ते बघायची, सांडव्याशी उभी राहून मान हलवायची. मुलगा कसा आहे ते बायका बघून घेतील. बाबा पाच बहिणींचे भाऊ आणि दोन मुलींचे बाप. शिवाय पाण्यातलं कळतं म्हणून दुसऱ्यांच्या सोयरिकींनाही लोक त्यांना घेऊन जायचे. त्यामुळे एक तलाव मोठ्या आत्याच्या गावचा, एक इवायाचा म्हणजे व्याह्याचा, एक साडभावाचा म्हणजे साडूचा. एक ‘पोरगी दिली नाही तो’. असे पोरगी न दिलेले तलाव पुष्कळ होते आणि प्रत्येकाचं कारण त्यांना पाठ होतं. याची पाळ कच्ची, त्याचा सांडवा उंच, तिसऱ्याची बुचं कुजलेली. माझ्या सासरच्या तलावाला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले होते. नवऱ्याची चौकशी कुणी केली नव्हती, ते मला पुढे महागात पडलं, पण तो विषय इथे नको.

बाबा तलावाकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे. खरं सांगायचं तर मला सगळे तलाव सारखेच दिसायचे. पाणी, पाळ, आभाळ. कुठे बेशरमाचं रान माजलेलं, कुठे कमळं, कुठे शिंगाड्याची वेल. बाबा मात्र तुडमाच्या दगडावरून, पाळीच्या बाकावरून, एखाद्या मोहाच्या तिरक्या फांदीवरून सांगायचे. माझ्या फोनवर जुना फोटो दाखवला तरी एका नजरेत ओळखायचे. या माणसाला सकाळी चहा घेतला की नाही ते आठवत नव्हतं.

प्रत्येक पाळीवर देव असतो, शेंदूर फासलेला दगड. बाबांचा नियम असा की पहिला फोटो देवाचा. त्याला विचारल्याशिवाय तलावावर फोन रोखायचा नाही. मी देवाचा फोटो काढायचे आणि वहीत टिपायला पेन उघडायचे, तर बाबा माझा हात धरायचे.

“देवाच्या खाली कायले लिवाचं? देवाले का नाव लावतेत?”

त्यामुळे वहीत फक्त तलावांच्या नोंदी राहिल्या. वहीत एक, दोन, तीन. फोनमध्ये देव, एक, देव, दोन, देव, तीन. मला वाटलं यात काय एवढं, नंतर देव तेवढे वेगळे काढले की झालं. मी स्वतःला फार शहाणी समजते.

प्रबंध सादर करायची मुदत एकदा वाढवून घेतली होती. ती संपायला महिना उरला असताना मार्गदर्शक सरांनी लिखाण परत केलं. म्हणाले, फोटो असे चार-दोन पेरून चालणार नाहीत, सगळे घाला, तालुक्याप्रमाणे लावा, प्रत्येकाखाली मथळा द्या आणि सुरुवातीला आकृतीसूची जोडा. आणि हे आत्याच्या गावचा, साडभावाचा असलं काही नको, गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहा. परीक्षक आधी सूचीच बघतात, असंही म्हणाले. ते खरं निघालं. परीक्षक नंतरसुद्धा सूचीच बघतात.

मी कुडव्याच्या खोलीत दिवाळीच्या सुट्टीत बसले. फोन गच्च भरल्यामुळे फोटो आधीच लॅपटॉपवर उतरवून फोनमधून पुसले होते. तो फोनही पुढे बदलला. आता लॅपटॉपवर सगळे फोटो बारीक करून एका पडद्यावर मांडले आणि देव काढायला लागले. शेंदूर दिसला की पूस, शेंदूर दिसला की पूस. एका दुपारीत देव संपले. उरलेले फोटो मोजले तर चौऱ्याऐंशी. वहीतल्या नोंदी मोजल्या तर चौऱ्याऐंशी. आकडा जुळल्यावर माणूस किती निर्धास्त होतो. मी फोटोंना एकपासून चौऱ्याऐंशीपर्यंत नावं दिली, वहीतली नोंद त्या त्या क्रमाने फोटोखाली टाइप केली, आत्या काढून गाव घातलं, साडभाऊ काढून तालुका घातला. पुसलेल्यांची टोपलीही रिकामी केली. मला पसारा आवडत नाही.

मग सूची. संगणक आपोआप करून देतो असं ऐकलं होतं, म्हणून तो हुकूम शोधून दाबला. उत्तर आलं की या लिखाणात एकही आकृती सापडली नाही. चौऱ्याऐंशी तलाव समोर पसरलेले आणि तो म्हणतो एकही नाही. मी तीनदा दाबलं. तिसऱ्यांदा त्याला तोंडाला येईल ते बोलले.

बाजारात एक टायपिंगवाले होते, माझ्याच वयाचे, प्रबंध करून देण्यात हात बसलेला. त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “मॅडम, आपने सब हाथ से लिखा है. मशीन के लिए ये सिर्फ लिखावट है, फोटो का नाम नहीं.” मग शिकवलं. फोटोवर उजवी कळ दाबायची, इन्सर्ट कॅप्शन घ्यायचं, ‘आकृती’ नावाची नवी खूण करायची, क्रमांक आपण घालायचाच नाही, तो घालतो. मी विचारलं, मधेच एखादा फोटो वर-खाली केला तर? त्यांनी एक फोटो मथळ्यासकट उचलून तीस पानं पुढे नेऊन टाकला, सगळं निवडून एक कळ दाबली, आणि सगळे क्रमांक आपापले सरकून बसले. मी तिथे बसून लहान मुलीसारखी टाळी वाजवली. आतमध्ये फोटो कशाचा आहे याच्याशी मशीनला घेणंदेणं नाही, मथळा बरोबर जोडलेला हवा, एवढं ते जाता जाता म्हणाले. मी चौऱ्याऐंशी मथळे पुन्हा घातले, सगळे तालुक्याप्रमाणे उचलून लावले, आणि सूची मागितली. एका क्षणात चार पानं भरली. मी ती चार पानं कितीदा वर-खाली करून पाहिली असतील. बाबांच्या डोक्यातलं सगळं बाहेर आलं होतं, ओळीने, ठिपक्यांसकट. मला वाटलं आपण जिंकलो.

सोमवारी बांधणीला द्यायचं होतं. त्याआधीच्या रविवारी रंगीत प्रत घेऊन गावी गेले. बाबा अंगणात खाटेवर उन्हात बसले होते. प्रत मांडीवर ठेवली तर आधी दोन्ही हात धोतराला पुसले. पहिलाच फोटो आमच्या गावच्या तलावाचा. तो मी मुद्दाम पहिला घातला होता, बाबा तुडमाच्या वरच्या पायरीवर उभे आहेत, धोतर खोचलेलं, मागे पाणी. त्यावर त्यांनी तळवा ठेवला. मला म्हणाले, फोटोत मी बुढा दिसून राहिलो. वहिनीने आतून चहा आणला, तो तसाच निवला. मग पानं उलटायला लागले, बोट जिभेला लावून, सावकाश. मी पायरीवर बसले होते. चार वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मध्यावर कुठेतरी त्यांचं बोट थांबलं. खाली काय लिहिलंय विचारलं. मी मोठ्या आत्याच्या गावाचं नाव वाचलं.

“हा तुह्या आत्याच्या गावचा नोहय,” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, तोच आहे, नीट बघा. त्यांनी नीट पाहिलं. आत्याच्या गावचा तुडूम मोहाजवळ आहे, इथं मोह कुठं आहे, म्हणाले. पान उलटलं. दुसऱ्यालाही नाही म्हणाले. तिसऱ्यालाही. मी वहीतलं नाव वाचायचे आणि ते मान हलवायचे. चौथ्याला त्यांनी फोटोवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, हे तू काय करून ठेवलंस?

महिनाभर धड झोप नव्हती. मुदतीचं दडपण होतं, कमरेचा काटा ढिला झाला होता, आणि आदल्याच आठवड्यात वहिनीने सांगितलं होतं की बाबा जेवल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा ताट मागतात. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही मला वाचवत नाही. मी उठून त्यांच्या हातातली प्रत ओढून घेतली.

“तुम्हाला सकाळचं जेवण आठवत नाही आणि मला तलाव शिकवता? खाली लिहिलंय तेच बरोबर आहे. यापुढे एक अक्षर बोलू नका.”

माझा आवाज शेजारपर्यंत गेला असणार. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. बाबांना मी असं कधी बोलले नव्हते, त्यांनी तर मला कधीच नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते चाचरले. “असन बापा,” म्हणाले, “तू शिकलेली आहेस.” मी पुन्हा प्रत हातात दिली तेव्हा त्यांनी उरलेली पानं उलटली आणि प्रत्येक फोटोला मान डोलावली. मला वाटलं, चला, समजूत पटली.

सोमवारी बांधणी झाली, मुदतीत सादर झालं, यथावकाश तोंडी परीक्षा, यथावकाश पदवी. पक्क्या जागा भरणं बंदच आहे, तेव्हा मी अजून तासांवरच आहे. हजेरीपटावर नावाआधी ‘डॉ.’ लागलं, तेवढा फरक.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मोठ्या आत्याच्या नातवाचं लग्न होतं. आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, आल्यागेल्याला सांगत होता की आमच्या ताईने आमच्या तलावावर पुस्तक लिहिलं. ऊन कलल्यावर मला पाळीवर घेऊन गेला आणि म्हणाला, दाखव तर खरं आमचा फोटो. माझ्या फोनमध्ये प्रबंध होता. आता सूची असल्यावर शोधायला काय लागतं, गावाच्या नावावर बोट ठेवलं की थेट त्या पानावर. मोठ्या ऐटीत उघडून त्याच्या हातात दिलं. त्याने फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, समोर तलावाकडे पाहिलं.

“ताई, हा आमचा नाही व,” तो म्हणाला. चुकून दुसरा लागला असन, होतं असं, असंही म्हणाला. चांगला माणूस आहे. समोर तुडूम होता, आणि त्याच्या डोक्यावर वाकलेला भला मोठा मोह होता. फोटोत मोह नव्हता. बाबांनी सांगितलं होतं तसाच नव्हता.

मी लग्नात जेवले नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

कुडव्याला येऊन ते चौऱ्याऐंशी फोटो पुन्हा उघडले, या वेळी बारीक करून नाही, एकेक, पडदाभर. तेव्हा दिसलं. त्यात चार तलाव नव्हतेच, ते देव होते. पाण्याच्या काठाशी नुसता काळा दगड, शेंदूर पावसाने धुऊन गेलेला, मागे पाणी. मी शेंदूर शोधत होते, म्हणून ते देव वाचले. आणि ज्या अर्थी एकूण आकडा बरोबर भरला, त्या अर्थी चार खरे तलाव मी देव समजून पुसले होते, पाळीवरचा भगवा झेंडा कोपऱ्यात आला असेल म्हणून किंवा असंच काहीतरी. चार इकडे जास्त, चार तिकडे कमी. मधल्या मधे सगळी रांग कुठे एकाने, कुठे दोनाने सरकलेली, वहीत तारखा टाकलेल्या नाहीत, त्यामुळे कुठून कुठवर ते कळायला मार्ग नाही. त्यावर मी सगळे तालुक्याप्रमाणे उचलून लावलेले. आणि ज्या देवाच्या खाली लिहायचं नाही म्हणून माणसाने चार वर्षं माझा हात धरला, त्या देवाखाली मी गाव, तालुका आणि क्रमांक घालून छापून मोकळी झाले. परीक्षकांच्या ते लक्षात आलं नाही. मार्गदर्शकांच्याही नाही. पण त्यांना मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

मार्गदर्शक सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, पदवी झाली आहे, प्रती ग्रंथालयात गेल्या आहेत, आता दगड उचलू नका, खाली काय निघेल सांगता येत नाही. कोण बघतंय? खरंच, कुणीच बघत नव्हतं.

तरी मी फोटो छापून घेतले आणि एकटीच गावोगाव निघाले. तीन रविवार. पहिल्या गावात तलावाची दुरुस्ती झाली होती. यंत्र लावून पाळ सरळ केलेली, झाडं काढलेली, तुडूम फोडून तिथे चाकाचा लोखंडी दरवाजा बसवलेला. माझ्या हातातल्या कुठल्याही फोटोशी तो जुळेना आणि कुठल्याहीशी जुळला असता. दुसऱ्या गावातही तेच. तिसऱ्या गावात जुना पाणकर वारला होता, आणि त्याचा मुलगा कामाला नागपूरला. पंचायतीत एक कारकून भेटला. त्याने अगत्याने खुर्ची दिली, फोटो पाहिले, आणि म्हणाला थांबा, माझ्याकडे यादी आहे. मोबाईल काढून विद्यापीठाने इंटरनेटवर टाकलेला माझाच प्रबंध उघडला. सूचीत गाव शोधलं, पान काढलं, फोटोशी फोटो लावला आणि आनंदाने म्हणाला, हाच बघा, इथे लिहिलंय. मी त्याचा चहा पिऊन निघाले. चौथ्या रविवारी गेले नाही.

उरले बाबा. खरं तर आधी त्यांच्याकडेच जायला हवं होतं, पण मला तोंड नव्हतं. दोन महिने मी काही ना काही निमित्त काढून गावी गेलेच नाही. शेवटी गेले. ते खाटेवरच होते, बारीक झाले होते. मला ओळखलं. कॉलेज बरं चाललंय का विचारलं. मी जवळ बसून आधी माफी मागितली, त्या दिवशी मी चुकले, तुम्ही बरोबर होतात, असं सरळ म्हणाले. कोणता दिवस ते त्यांना कळलं नाही. भल्या माणसासारखे हसले. मग मी फोटोंचा गठ्ठा काढला. मुद्दाम मथळ्याशिवाय छापले होते, नुसते फोटो. पहिला हातात दिला आणि विचारलं, बाबा, हा कुठला?

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग त्यांचं बोट फोटोवरून खाली घसरलं, कोऱ्या कागदावर आलं आणि डावीकडून उजवीकडे फिरायला लागलं. तिथे काही नव्हतं. ते पुन्हा फिरवलं.

“खाली का लिवलं आहे?”

मी म्हटलं, खाली काही नाही, तुम्ही सांगा, तुम्हाला माहीत आहे. ते कावरेबावरे झाले. फोटो पालथा करून मागे बघितलं. गृहपाठ न केलेलं पोर मास्तरांकडे बघतं तसे माझ्याकडे बघत होते. “तू वाच न माय,” म्हणाले, “मले बारीक दिसत नाही.”

मी सूची काढून वाचलं. अमुक गाव, आपल्या इवायाचं. लगेच चेहरा मोकळा झाला. हो, तोच, म्हणाले. दुसरा दिला. पुन्हा बोट खाली. मी वाचलं, त्यांनी मान डोलावली. तिसरा, चौथा. मोह नसलेला आत्याच्या गावचा तलाव आला, तोही त्यांनी हो म्हणून बाजूला ठेवला. देवाचा दगड आला, त्यालाही तालुका लावून वाचला, त्यालाही हो म्हणाले. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतील आजार वाढला, आणि ते खरंच असेल. पण त्या दिवशी खाली लिहिलंय तेच बरोबर असं मी ओरडले होते, आणि त्यानंतर हा माणूस फोटो बघेनासा झाला, हेही मला दिसत होतं. विसरायला इतक्या गोष्टी होत्या. नेमकी ही एक त्यांनी लक्षात ठेवली.

मी थांबायला हवं होतं. पण गठ्ठ्यात तळाशी आमच्या तलावाचा फोटो होता, तुडमावर बाबा उभे असलेला. तो त्यांच्या हातात दिला. स्वतःकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग बोट खाली आलं, आणि ते माझ्या वाचण्याची वाट बघू लागले. मी आत्याच्या गावाचं नाव वाचलं. का वाचलं, माहीत नाही. एकदा तरी नाही म्हणतील, म्हणून.

बाबांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

“हो,” म्हणाले, “तू म्हनतेस तं तोच असन.”